रावणाच्या मिशा

उन्हाळ्यातल्या दुपारी खारा वारा भरात असताना कोकणातल्या एखाद्या मोकळ्या पुळणीवर उभं राहिलं, की समोरून काहीतरी पळत येताना दिसतं. नारळाहून मोठा, वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा गोळा. चहूबाजूंनी लांब काटे फुटलेला. काट्यांच्या टोकांवर तो वाळूला जेमतेम टेकतो, उडी मारतो, कलतो, पुन्हा धावतो आणि वाटेत एखादी खळगी किंवा वाहून आलेला ओंडका लागला की तिथे अडकून बसतो. लहानपणी आम्ही त्याच्यामागे धावायचो. तो सापडला तरी हातात धरवत नसे.

हा गोळा म्हणजे एका गवताचं कणीस. आम्ही मुलं त्याला नुसतं ‘काटेरी गवत’ म्हणायचो. थोरली माणसं त्याचा उल्लेख करत ती एवढंच सांगायला, की अनवाणी तिकडे जाऊ नका. तमिळ किनाऱ्यावरच्या लोकांनी मात्र त्याला शोभेसं नाव दिलंय : रावणाची मिशी. शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिट्टोरियस. स्पिनिफेक्स म्हणजे काटे करणारा आणि लिट्टोरियस म्हणजे किनाऱ्यावरचा. नाव लॅटिन असलं तरी या गवताची छापील ओळख आपल्याच किनाऱ्यावरून झाली. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात हे गवत ‘इली मुल्लु’ या नावाने चित्रासह आलं आहे. मल्याळममध्ये एली म्हणजे उंदीर आणि मुळ्ळ म्हणजे काटा. या ग्रंथाच्या कामात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते आणि त्यातल्या चित्रांवर झाडांची नावं नागरी लिपीतही आहेत. आपल्या माणसांचा हात लागलेल्या ग्रंथात तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदलं गेलेलं हे गवत आज आपल्याला ‘किनाऱ्यावरची घाण’ वाटतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा लेख त्यासाठीच लिहितो आहे.

एकदा त्याच्याजवळ खाली बसून बघा. चपला घालून, जपून. पानं राखाडी हिरवी, ताठ, आतल्या बाजूला पन्हळीसारखी वळलेली आणि टोकाला सुई. पान असं वळलेलं असलं की पानातली वाफ बाहेर पडायला जागा कमी मिळते, वाऱ्याबरोबर येणारं खारट तुषारांचं पाणीही आत शिरत नाही. ही पानं झुपक्याझुपक्याने येतात, आणि प्रत्येक झुपक्याखाली असतं पेर. पेरापेरांनी बनलेलं आडवं खोड वाळूवरून सरपटत जातं. बोटाएवढं जाड, बारीक उसासारखं. पेरातून खाली मुळं, वर धुमारे. एक खोड धरून मागे मागे जात राहिलं तर कित्येक मीटर चालावं लागतं आणि शेवटी ते कुठे वाळूत शिरलं ते कळतच नाही. तुम्हाला वाळूच्या टेकडीवर शंभर ठोंब दिसतात, पण खाली हात घातला तर त्यातले पुष्कळसे एकाच झाडाचे निघतात.

उसाचं नाव घेतलं ते उगाच नाही. ऊस, मका, ज्वारी यांची सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करण्याची जी खास रीत आहे, ज्यामुळे कडक उन्हात आणि कमी पाण्यातही त्यांचं काम थांबत नाही, तीच रीत या गवताची. दुपारी पाय भाजेल अशा वाळूत ते उगाच हिरवं राहत नाही. आणि ही वाळू नुसती तापलेली नसते, ती उपाशीही असते. पाणी टाकलं की सरळ खाली, खत टाकलं की पाण्याबरोबर तेही खाली. अशा ठिकाणी मुळांच्या मदतीला बुरशी येते. मुळांमध्ये घर करणारी ही सूक्ष्म बुरशी वाळूच्या कणांत दूरवर धागे पसरते, फॉस्फरस गोळा करून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. गोवा विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी गोव्याच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या झाडांच्या मुळांत अशा बुरशींच्या जातींची तपशिलाने नोंद केली आहे. याच धाग्यांनी वाळूचे सुटे कणही एकमेकांना धरून राहतात.

या गवतात नर वेगळा आणि मादी वेगळी. पळणारे गोळे फक्त मादीला येतात. नराचे फुलोरे आखूड, तुऱ्यांच्या जुडीसारखे. पराग वाऱ्यावरच जातात, त्यामुळे आसपास नर झाड नसेल तर मादीला भलामोठा गोळा येतो, तो पळतोही, पण आत दाणा नसतो. लागवडीचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात धरावी, कारण पोकळ गोळे पोतंभर गोळा करून आणणारे लोक मी पाहिले आहेत.

आता मुख्य गोष्ट. वाळूची टेकडी आधी तयार होते आणि मग तिच्यावर गवत उगवतं, असं आपल्याला वाटतं. होतं त्याच्या उलट.

वाळू वाऱ्यावर कशी चालते हे नीट मांडलं ते राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज सैनिकी अभियंत्याने. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन भटकताना त्याला हे वेड लागलं आणि त्यावरचं त्याचं पुस्तक 1941 साली आलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं : वारा साधारण ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला की कोरड्या वाळूचे कण जागचे उठतात. पण ते धुळीसारखे आभाळात जात नाहीत. कण उडी मारतो, थोडं अंतर पुढे जाऊन पडतो आणि पडताना दुसऱ्या दोनचार कणांना उडवतो. त्यामुळे बहुतेक सगळी वाळू गुडघ्याच्या खालीच धावत असते. खारं वारं भरात असताना पुळणीवर उभं राहिलं की पोटऱ्यांना टोचतं आणि तोंडाला काही लागत नाही, ते यामुळेच.

या धावत्या वाळूच्या वाटेत एखादा दगड ठेवा. दगडाच्या आडोशाला वाऱ्याचा जोर मोडतो, वाळू खाली पडते, छोटा ढीग होतो. ढीग दगडाच्या उंचीचा झाला की दगड गाडला जातो आणि ढीग वाढायचा थांबतो. आता दगडाच्या जागी आपलं गवत ठेवा. वाळू पडते, गवत अर्धं गाडलं जातं आणि गाडलं गेलं की ते वर येतं. गाडलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात, शेंड्याला नवे धुमारे फुटतात आणि वाळू अडवायला नवी पानं पुन्हा वर तयार. पुन्हा वाळू, पुन्हा वाढ. वीतभर ढिगाचा हातभर होतो, हातभराचा पुरुषभर. शेजारचे ढीग एकमेकांना मिळतात आणि समुद्राला समांतर अशी वाळूची रांग उभी राहते. दुसरी झाडं ज्याने मरतात, त्याने हे गवत जोर धरतं. उलट नवी वाळू यायची बंद झाली, की काही वर्षांत ते विरळ होतं आणि त्याची जागा मागून येणाऱ्या निर्गुडी, केवडा यांसारख्या झाडांना मिळते. या कामात त्याची जोडीदार म्हणजे मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, आपट्यासारखी दुभंगलेली पानं असलेली. ती सपाटीवर जलद पसरते; उंची देण्याचं काम गवताचं.

ही टेकडी कशासाठी हवी? आमच्याकडे भात कणगीत भरून ठेवायचे आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, ती कणगी उघडायची. वाळूची टेकडी म्हणजे किनाऱ्याची कणगी. जून ते सप्टेंबरच्या लाटा उंच आणि दाट असतात, त्या पुळणीची वाळू खेचून थोड्या अंतरावर पाण्याखाली नेऊन टाकतात. पावसाळ्यात गावी गेलेल्या माणसाला समुद्र ‘आत आलेला’ दिसतो तो यामुळे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या हळूहळू उतरतो आणि हिवाळ्यातल्या मंद लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. ती वाळली की वारा तिला वर ढकलतो, गवत ती पकडतं आणि कणगी पुन्हा भरते. एखाद्या वर्षी वादळ आलं तर लाट आधी ही कणगी खाते. तिच्यामागची माडांची बाग, विहीर, घर तोवर वाचतं. गोड्या पाण्याचाही यात वाटा आहे : टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी खाली साठतं आणि त्याच्या दाबामुळे खारं पाणी विहिरीपासून लांब राहतं.

हे मी 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ कोकणाच्या अंगावरून गेल्यानंतर, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गावाच्या एका टोकाला गवत शाबूत होतं. तिथे टेकडीचा समुद्राकडचा भाग सुरीने केक कापावा तसा उभा कापला गेला होता. त्या कापात वरपासून खालपर्यंत गवताची मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती. टेकडीची दोनतीन पावलांची रुंदी गेली होती, पण पाणी पलीकडे गेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला, जिथे पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून टेकडी आधीच सपाट करून घेतलेली होती, तिथे वाळू माडांच्या आळ्यांत भरली होती आणि एका विहिरीचं पाणी त्यानंतर बरेच दिवस मचूळ लागत होतं. तमिळनाडूत 2004 च्या त्सुनामीनंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनारा पायी फिरून पाहिला, तेव्हा त्यांनाही उंच, झाडोऱ्याने धरलेल्या टेकड्यांमागची वस्ती बचावलेली दिसली होती.

गवत काढलं तर काय होतं याचा धडा स्कॉटलंडने फार आधी घेतला. तिथल्या कुल्बिन नावाच्या सुपीक जमिनीवर 1694 च्या शरदात वादळाबरोबर वाळू आली आणि शेतं, बागा, वाडा सगळं गाडून गेली. तिथल्या किनाऱ्यावरचं गवत, आपल्या गवताच्या दूरच्या गोत्यातलं, लोक छपरं शाकारायला उपटून नेत होते. पुढच्याच वर्षी, 1695 मध्ये, स्कॉटलंडच्या संसदेने हे गवत उपटायला कायद्याने बंदी घातली. आपल्याकडेही कायदा आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या 1991 च्या पहिल्या अधिसूचनेतच वाळूच्या टेकड्या सपाट करायला किंवा त्यांचं रूप बदलायला मनाई केली होती, सुशोभीकरणासाठीसुद्धा. आणि 2011 पासून या टेकड्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात मोडतात. त्यामुळे कुठल्याही लागवडीआधी ग्रामपंचायत आणि वनखातं यांना विचारूनच पाऊल टाकावं.

आता लागवडीबद्दल. मी यात दोनदा हरलो आहे, म्हणून ते आधी सांगतो.

पहिल्या वर्षी मी डिसेंबरात साठेक तुकडे लावले. थंडीत रोपं लावावीत असं बागेत शिकलेलं डोक्यात होतं. रोज संध्याकाळी कळशीने पाणी घातलं. वरची वाळू भिजायची, खालची कोरडी राहायची आणि मुळं ओलाव्याच्या मागे वरच फिरत राहायची. शिमग्यापर्यंत जेमतेम पाच तुकडे उरले. पुढच्या वर्षी मिरगाच्या पावसावर लावले. ते छान जगले, हिरवे झाले आणि आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाने एका रात्रीत धुऊन नेले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती जागा पाण्याच्या फार जवळ होती.

या दोन हरण्यांतून जे कळलं ते असं. जागा आधी ठरवायची आणि ती पावसाळ्यातच बघून ठेवायची. सगळ्यात मोठ्या उधाणाची लाट जिथपर्यंत येते तिथे काड्या, शेवाळ, शिंपल्या, नारळाच्या कवट्यांची एक ओळ पडते. त्या ओळीच्या जमिनीकडे पाचसहा पावलं सोडून पहिली रांग घ्यायची. वेळ नारळी पौर्णिमेनंतरची. दर्याला नारळ दिला, की लाटांचा जोर ओसरायला लागतो, पावसाचा अजून महिनादीड महिना हाती असतो, आणि रोप मुळावर उभं राहतंय तोवर कोरडी वाळू वाऱ्यावर यायला सुरुवात होते. म्हणजे पाणीही मिळतं आणि त्याला हवी ती वाळूही.

बेणं घ्यायचं ते सरपटणाऱ्या खोडाच्या शेंड्याकडचं, तीनचार पेरांचं, साधारण हातभर लांब. पेराला पांढरी जिवंत मुळं दिसत असली तर उत्तम. टेकडीच्या समुद्राकडच्या चढावरून एकही तुकडा घ्यायचा नाही, कारण ती टेकडीची ढाल. मागच्या उतारावर जिथे खोडं एकमेकांवर चढलेली असतात तिथून घ्यावं, तेही एका ठोंबावरून एकच. कोयतीने स्वच्छ काप घ्यायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि त्याच दिवशी लावायचं. नर आणि मादी दोन्ही झाडांचं बेणं हवं. नाहीतर पुढे गोळे येतील ते पोकळच.

खड्डा कोपरापर्यंत. ही एक गोष्ट कुणी ऐकत नाही, आणि सगळं तिच्यावरच आहे. वरची कोरडी, पांढरी वाळू बाजूला करत जायचं, ती पुन्हा पुन्हा आत घसरते, कंटाळा येतो. पण एका जागी वाळूचा रंग बदलतो, ती गडद होते आणि मूठ दाबली तर मुठीचा आकार धरते. तिथवर गेलं पाहिजे. बेणं तिरकं ठेवायचं, निदान दोन पेरं त्या ओल्या वाळूत आणि शेंडा पालथ्या तळहाताएवढा वर. वाळू लोटून पायाने घट्ट दाबायची, आत पोकळी राहिली तर मूळ तिथेच सुकतं. दोन तुकड्यांत दीड हाताचं अंतर ठेवावं. रांगा सरळ समोरासमोर न घेता पुढच्या रांगेतल्या फटीवर मागचा तुकडा यावा अशा घ्याव्यात, म्हणजे वाऱ्याला सरळ गल्ली मिळत नाही. गल्ली मिळाली तर तिथून वारा वाळू पोखरतो आणि आठवडाभरात रोपांची मुळं उघडी पडतात.

बियांपासूनही रोपं होतात, पण त्याला धीर हवा. पिकून पळायला लागलेले आणि कचऱ्याच्या ओळीत अडकलेले गोळे गोळा करावेत. प्रत्येक लांब काट्याच्या बुडाशी एक छोटं बोंड असतं, ते नखाने दाबून बघायचं. कडक लागलं तर दाणा आहे. दहा बोंडांत दोनतीन भरली तरी समाधान मानावं. भरलेली बोंडं रात्रभर पाण्यात ठेवून, अर्धी वाळू आणि अर्धं कुजलेलं शेणखत असलेल्या पिशवीत दोन बोटं खोल पेरायची. ती एकदम उगवत नाहीत, मागेपुढे उगवत राहतात, म्हणून पंधरा दिवसांत काही दिसलं नाही तरी पिशव्या ओतून टाकू नयेत. रोप वीतभर झालं की सावलीतून काढून भर वाऱ्यात ठेवावं आणि पाणी कमी करत न्यावं. लाडात वाढलेलं रोप पुळणीवर दोन दिवस टिकत नाही.

लागवडीच्या समुद्राकडच्या बाजूला वई घालावी. घट्ट नव्हे, विरळ. नारळाच्या झावळ्या किंवा बांबूच्या काठ्या, सुंभाने बांधलेल्या, कमरेएवढ्या उंच आणि निम्मी जागा रिकामी अशा. भक्कम भिंतीवर वारा आपटून खाली वळतो आणि भिंतीच्याच पायथ्याची वाळू उकरून काढतो. विरळ वईतून वारा गाळून येतो, त्याचा जोर मोडतो आणि वाळू मागे अलगद पडते. लाटांचंही तसंच आहे. धूपप्रतिबंधक बंधारा घराला आडोसा देतो हे खरं, पण त्याच्यावर आपटून परतणारी लाट बंधाऱ्यासमोरची पुळण खरवडून नेते, आणि काही वर्षांनी बंधारा राहतो, पुळण राहत नाही. जिथे घरं अगदी पाण्याच्या तोंडावर आहेत तिथे बंधाऱ्याला पर्याय नसेलही. पण जिथे मागे जागा आहे, तिथे आधी गवताला संधी द्यावी असं माझं ठाम मत आहे.

पाणी पहिले दहाबारा दिवस, तेही पावसाने ओढ दिली तरच. त्यानंतर बंद. मूळ खाली ओलाव्याच्या शोधात गेलंच पाहिजे. लावताना तळाशी मूठभर कुजलेलं खत पुरेसं आहे. जास्त खताने हे गवत जोमात येतं खरं, पण त्या खतावर मागून रानमोडी आणि घाणेरीही माजते, आणि ती आली की सगळं निराळं होतं.

यापुढची निगा म्हणजे मुख्यतः माणसांपासून सांभाळणं. गुरं हे गवत सहसा खात नाहीत, टोचतं म्हणून. पण दिवसाला पन्नास माणसं एकाच वाटेने गेली तर खोडाच्या शेंड्याचा चुरा होतो. शेंडा मेला की त्या जागी वाढ थांबते, वारा तिथे खाच पाडतो आणि खाचेची दरी व्हायला एक हंगाम पुरतो. म्हणून टेकडीवरून एकच वाट ठेवावी, तीही सरळ नव्हे तर वळण घेऊन, वाऱ्याच्या दिशेला तिरकी. फळ्या सुंभाने बांधून वाळूवर टाकल्या तरी लोक त्यांच्यावरूनच जातात, कारण काटे कुणालाच नको असतात. गाड्या अजिबात नकोत. एका जीपच्या चाकांनी दहा मिनिटांत मोडलेलं भरून यायला गवताला वर्ष लागतं. आमच्याकडच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या माणसांचा मात्र अडथळा कधी झाला नाही. होडी ओढायची जागा त्यांची पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे आणि ते टेकडीला हात लावत नाहीत.

किनारा स्वच्छ करण्याच्या मोहिमांमध्ये भाग घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्लॅस्टिक, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे हाताने वेचा. पण काडीकचऱ्याची ती ओळ, शेवाळ, ओंडके तिथेच राहू द्या. त्या ओळीत बी अडकतं, त्या शेवाळाचं खत होतं आणि नवी टेकडी पहिल्यांदा तिथेच धरते. जेसीबीने पुळण खरवडून काढली की प्लॅस्टिकबरोबर पुढच्या वर्षीची टेकडीही ट्रकमधून जाते.

सुरूच्या झाडांविषयी बोलायला हवं, कारण किनारा वाचवायचा म्हटलं की आपल्याकडे आधी सुरू आठवतो. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा हा वृक्ष. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या दाट राया उभ्या आहेत आणि बागेत शिरणारा वारा तो चांगला अडवतो. पण तो वाळू धरत नाही. त्याच्याखाली सुयांचा जाड थर पडतो, त्यात गवत किंवा मर्यादवेल उगवत नाही आणि उधाणाची लाट आली की त्याची उथळ मुळं उघडी पडून झाडं समुद्राकडे तोंड करून कोसळतात. सुरू टेकडीच्या मागे असावा. पुढची जागा गवताची. ऑलिव्ह रिडले कासवांच्या दृष्टीनेही हेच बरं. मादी कासव लाटेच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी उघड्या वाळूत खळगा करते. टेकडी गावातले दिवे आडवते, त्यामुळे पिल्लं भलतीकडे न जाता समुद्राकडे वळतात. वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी कासवांचं जे काम उभं केलं, ते पाहायला लांबून माणसं येतात. त्या माणसांनी परत जाताना टेकडीवरच्या गवताकडेही एकदा पाहावं.

हे सगळं आपल्या हातून होईल का, असं कुणी विचारलं तर मी न्यूझीलंडकडे बोट दाखवतो. या गवताचा तिकडचा भाऊ, स्पिनिफेक्स सेरिसियस, रेशमी पानांचा. माओरी भाषेत त्याला कोव्हांगातारा म्हणतात. युरोपातून आणलेल्या गवताने आणि चरणाऱ्या गुरांनी तो पुष्कळ ठिकाणांहून हटला होता. 1990 च्या दशकापासून तिथल्या किनारी गावांमधले लोक आणि शाळांतली मुलं उन्हाळ्यात त्याचं बी गोळा करतात, रोपवाटिकांमध्ये रोपं होतात आणि हिवाळ्यात ती टेकड्यांवर लावली जातात. तिकडे हे काम शाळेच्या वर्षाचा भाग झालं आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांमध्ये वृक्षारोपणाला गुलमोहराची रोपं येतात. पाचवीसहावीतल्या मुलांच्या हातात एकदा या गवताचं बेणं द्यावं आणि कोपरापर्यंत खड्डा करायला लावावा. ओली वाळू लागली की ती ओरडून सांगतात. मी ऐकलं आहे ते ओरडणं.

तिसऱ्या वेळी नारळी पौर्णिमेनंतर लावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक तुकडे जगले. त्या वर्षी झावळ्यांची वई कमरेएवढी होती. दुसऱ्या वर्षी ती गुडघ्याएवढी दिसत होती, म्हणून आम्ही तिच्यावरच आणखी एक वई बांधली. यंदा मार्चमध्ये गेलो तेव्हा पहिली वई कुठेच दिसली नाही. दुसरीच्या बांबूंची चार बोटं वर होती, आणि त्या बांबूंच्या मधून राखाडी हिरवे शेंडे समुद्राकडे निघाले होते. एका शेंड्याशी वाळू उकरत गेलो. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा बोटांना सुंभाची गाठ लागली. तिच्याभोवती मुळं गुंडाळलेली होती. वाळू परत लोटून, वरून दाबून, मी उठलो.